घरच्या नेटवर्कवरील सामायिक फोल्डरच्या परवानग्या : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

घरातील कागदपत्रे एका ठिकाणी राहावीत आणि ती तीनही संगणकांवरून उघडता यावीत, एवढाच या कामाचा हेतू आहे. हॉलमधील संगणकावर विंडोज १० प्रो असून तो तारेने राउटरला जोडलेला आहे. पत्नीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम आणि मुलीच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, आणि हे दोन्ही वायफायवर चालतात. हॉलमधील संगणकात दोन डिस्क आहेत. विंडोज नव्या एसएसडीवर आहे. डी ड्राइव्ह म्हणून दिसणारी एक टेराबाइटची हार्ड डिस्क मात्र दिवाळीत बंद पडलेल्या जुन्या संगणकातून काढून जशीच्या तशी यात बसवलेली आहे.

डी ड्राइव्हवर 'घर' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात 'दस्तऐवज', 'फोटो' व 'हिशेब' असे तीन फोल्डर आहेत. वडील महसूल खात्यातून निवृत्त झाले असून, गेले वर्षभर ते गावच्या जमिनीचे सातबारा उतारे, फेरफार आणि खरेदीखते स्कॅन करून 'दस्तऐवज'मध्ये लावून ठेवत आहेत. हे काम पत्नीला आणि मुलीला आपापल्या लॅपटॉपवरून पाहता येत नाही, ही तक्रार आहे.

आजची स्थिती अशी की पत्नीच्या लॅपटॉपवर नेटवर्कच्या यादीत हॉलमधील संगणक दिसतच नाही. पिंग केल्यावर, म्हणजे उत्तर येते का हे पाहण्यासाठी छोटे संदेश पाठवल्यावर, चारही पॅकेट हरवतात. परवानग्यांकडे वळण्याआधी वाट मोकळी आहे का हे पाहणे भाग होते, म्हणून हॉलमधील संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेलो, तेव्हा आमचेच घरचे नेटवर्क तेथे 'पब्लिक' म्हणून नोंदलेले आढळले. नवा राउटर बसवला त्या दिवशी विंडोजने विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी घाईत नकार दिला असावा. 'पब्लिक' म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायसारखे परके नेटवर्क, आणि अशा नेटवर्कवर विंडोजची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या विनंतीला उत्तरच देत नाही. ते 'प्रायव्हेट' केले आणि फाइल शेअरिंग सुरू केले. पिंगला दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर येऊ लागले, आणि फाइलींची देवाणघेवाण ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते तोही उघडा असल्याचे पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या आज्ञांच्या खिडकीतून, तपासून घेतले.

यादीत नाव दिसण्यासाठी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा आपोआप सुरू होईल अशी ठेवली. यावर एसएमबीची, म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवर फाइली देते-घेते तिची, पहिली आवृत्ती सुरू करावी असाही एक सल्ला सर्रास दिला जातो. तो मी घेतलेला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा विषाणू जगभर पसरला तो याच आवृत्तीतील दोषामुळे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने ती नव्या विंडोजमध्ये मुळातून घालणेच थांबवले. केवळ यादीत एक चित्र दिसावे म्हणून ती परत आणणे मला पटत नाही.

७ जानेवारी, रविवार

आज संगणक दिसतो, पण नाव आणि पासवर्ड विचारतो आणि दिलेला पासवर्ड घेत नाही. याची दोन कारणे निघाली. पत्नी आपल्या लॅपटॉपवर चार अंकी पिन टाकून प्रवेश करते, आणि तोच पिन ती येथे देत होती. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो. दुसरे कारण वडिलांच्या खात्याचे. त्या खात्याला पासवर्डच नाही, म्हणून ते नाव टाकून पासवर्डची जागा मोकळी सोडून पाहिली, तर तोही प्रयत्न फसला. रिकाम्या पासवर्डचे खाते फक्त त्या संगणकासमोर बसूनच वापरता येते, नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे आणि तो रास्त आहे.

म्हणून हॉलमधील संगणकावर पत्नी आणि मुलगी यांच्या नावे दोन स्वतंत्र स्थानिक खाती उघडली, वडिलांच्या खात्याला पासवर्ड दिला आणि आम्हा चौघांचा 'कुटुंब' नावाचा एक गट केला. प्रो आवृत्तीत हे गट-खात्यांचे पान मिळते, होम आवृत्तीत मिळत नाही. त्यामुळे फोल्डर या संगणकावर ठेवला हे बरेच झाले. पासवर्ड लावल्याबद्दल वडिलांनी थोडी नाराजी दाखवली, पण तो लिहिलेला कागद त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवल्यावर विषय मिटला.

संध्याकाळी पत्नीच्या लॅपटॉपवर 'घर' उघडला, 'फोटो' उघडला, आणि 'दस्तऐवज'वर क्लिक करताच परवानगी नसल्याची चौकट आली. येथे माझा संयम सुटला, हे नोंदवून ठेवतो. एका भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे 'घर' या फोल्डरला 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही ठिकाणी 'एव्हरीवन'ला, म्हणजे सर्वांनाच, 'फुल कंट्रोल' हा पूर्ण ताबा देऊन टाकला. 'दस्तऐवज' तरीही उघडला नाही.

१० जानेवारी, बुधवार

कचेरीतून उशिरा आलो, त्यामुळे काम थोडे झाले. पत्नीच्या लॅपटॉपवरून वडिलांच्या नावाने जोडून पाहावे म्हटले, तर १२१९ क्रमांकाची त्रुटी आली. एका संगणकावरून दुसऱ्या एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी बोलता येत नाही, असा तिचा अर्थ आहे. आधीची जोडणी 'नेट यूज' या आज्ञेने तोडावी लागते. शिवाय विंडोज नावे-पासवर्ड जेथे साठवते त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पहिल्या दिवशीचे चुकीचे नाव साठवून राहिले होते आणि विंडोज ते आम्हाला न विचारता पुढे करत होते. ते काढून टाकले. गटात नव्याने घातलेल्या सदस्याचा गट त्याच्या पुढच्या प्रवेशापासूनच धरला जातो, म्हणून पत्नीच्या नावाची जोडणीही तोडून पुन्हा केली. 'दस्तऐवज' बंदच.

१३ जानेवारी, शनिवार

आज सकाळी चहा घेऊन बसलो आणि नकार नेमका कोणत्या दारावर मिळतो आहे, हे ठरवल्याशिवाय काहीही बदलायचे नाही असे ठरवले.

विंडोजमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार शेअरच्या परवानगीचे, आणि ते फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागू असते. दुसरे एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरील फाइल-व्यवस्थेच्या, परवानगीचे; ते डिस्कवर प्रत्येक फोल्डरला आणि फाइलीला चिकटलेले असते आणि संगणकासमोर बसलेल्यालाही चुकत नाही. दोहोंपैकी जे अधिक कडक, तेच शेवटी चालते. पहिल्या दारावर मी रविवारी सर्वांना मोकळीक दिलेली होती, तेव्हा अडथळा दुसऱ्या दारावर असणार हे उघड होते.

'दस्तऐवज'चे 'सिक्युरिटी' हे पान उघडले. यादीत चार नोंदी होत्या. 'सिस्टीम', 'ॲडमिनिस्ट्रेटर्स', वडिलांचे सध्याचे खाते, आणि चौथ्या ओळीत नावाच्या जागी 'अनोळखी खाते' असे म्हणून एस-१-५-२१ ने सुरू होणारी, मध्ये तीन लांबलचक आकडे आणि शेवटी १००१ असलेली एक ओळ, जिच्यापुढे माणसाच्या आकृतीवर प्रश्नचिन्ह होते.

हा क्रमांक म्हणजे जुन्या संगणकावरील वडिलांचे खाते. विंडोज परवानगी लिहिताना माणसाचे नाव लिहितच नाही, खात्याचा क्रमांक लिहिते. त्यातील मधले तीन आकडे त्या संगणकाचे असतात आणि शेवटचा आकडा त्यावरील खात्याचा. नवा संगणक आला, त्यावर त्याच नावाचे खाते उघडले, तरी क्रमांक वेगळा, म्हणून विंडोजच्या लेखी माणूसही वेगळा. वडिलांना ही ओळ दाखवली आणि अर्थ सांगितला, तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे मालक गेला, पण वारसनोंद झालेली नाही." याहून नेमके मला सांगता आले नसते.

मग वडील स्वतः इतके दिवस हा फोल्डर कसा उघडत होते? त्याचेही उत्तर त्याच यादीत आहे. त्यांचे नवे खाते ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये आहे, आणि त्या गटाचा क्रमांक प्रत्येक विंडोजवर एकच असल्याने जुन्या डिस्कवरची त्याची नोंद नव्या संगणकावरही चालते. मात्र रोजच्या कामात विंडोज तो अधिकार राखून ठेवते. म्हणून दिवाळीत त्यांनी फोल्डर पहिल्यांदा उघडला, तेव्हा 'तुम्हाला सध्या परवानगी नाही, कायमची हवी असल्यास कंटिन्यू दाबा' अशी चौकट आली असणार आणि त्यांनी ती दाबली. त्या एका दाबण्याने त्यांचे नाव यादीत कायमचे लिहिले गेले. आमचे कोणाचेच गेले नाही. समोर बसून सर्व ठीक आणि नेटवर्कवरून बंद, हे कोडे असे सुटले.

राहिला प्रश्न 'एव्हरीवन'चा. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी खालच्या फोल्डरांत आपोआप उतरते, पण खालच्या फोल्डरने वारसा घेणे बंद केलेले नसेल तरच. 'दस्तऐवज'वर तो बंद केलेला होता. कोणी केला, याचा विचार करता आठवले की तो मीच केला. मुलगी लहान असताना तिने खेळता खेळता कागद पुसू नयेत म्हणून, सात-आठ वर्षांपूर्वी, जुन्या संगणकावर. तेव्हा नोंद ठेवलेली नव्हती.

रविवारी दिलेले 'एव्हरीवन' दोन्ही पानांवरून काढून टाकले. त्याने काम झाले नाही हे तर आहेच, पण झाले असते तरी ते ठेवायचे नव्हते. कारण घरातल्या एखाद्या लॅपटॉपमध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू शिरला, तर ज्या ज्या फोल्डरवर त्या लॅपटॉपला लिहिण्याचा हक्क आहे ते सगळे फोल्डर त्याच्या हाती जातात. शेअरच्या पानावर आता केवळ 'कुटुंब'ला 'चेंज', म्हणजे वाचण्याचा व बदलण्याचा हक्क, दिले आहे.

१४ जानेवारी, रविवार

प्रथम 'घर'ची संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि प्रत्येक फोल्डरच्या 'सिक्युरिटी' पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. वडिलांनी स्कॅन केलेल्या २,३१४ फाइलींचा प्रश्न होता, त्यामुळे अर्धा दिवस यात गेला तरी हरकत नव्हती.

त्यानंतर वडिलांच्या खात्यातून ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडली. 'टेकओन' या आज्ञेने 'दस्तऐवज' आणि त्याखालच्या सर्व फाइलींची मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स या गटाकडे घेतली. मालकी घेतली म्हणजे इतरांना परवानगी मिळाली असे नव्हे. मालकाला फक्त परवानग्यांची यादी बदलण्याचा हक्क मिळतो. मग परवानग्या बदलणाऱ्या 'आयकॅकल्स' या आज्ञेला 'रीसेट'चा आदेश देऊन जुन्या सर्व नोंदी पुसल्या आणि वरच्या फोल्डरचा वारसा पुन्हा सुरू केला. शेवटी 'घर' या सर्वांत वरच्या फोल्डरवर एकदाच 'कुटुंब'ला 'मॉडिफाय' दिले, आणि ते खालच्या फोल्डरांत व फाइलींत उतरेल अशी सूचना त्याच आज्ञेत जोडली. ही सूचना विसरली, तर परवानगी त्या एका फोल्डरपुरतीच राहते आणि आतील फाइली बंदच राहतात. पहिल्या प्रयत्नात मी ती विसरलो होतो.

'फुल कंट्रोल' न देता 'मॉडिफाय' दिले, कारण त्यात वाचणे, लिहिणे, नाव बदलणे आणि पुसणे हे सगळे येते. परवानग्या बदलणे आणि मालकी घेणे एवढेच वगळले जाते, आणि ते घरात दुसऱ्या कोणाला लागतही नाही.

पत्नीच्या लॅपटॉपवरून 'दस्तऐवज' उघडला. एका जुन्या फेरफाराची प्रत मोठी करून पाहिली, नवी फाइल करून तिचे नाव बदलले आणि ती पुसली. तीनही गोष्टी झाल्या.

१५ जानेवारी, सोमवार

आज संक्रांत. वडिलांनी सकाळी पाच कागद स्कॅन केले आणि दुपारी पत्नीला दाखवायला बोलावले, तर तिच्या लॅपटॉपवर ते पाचही उघडेनात. कालचे सर्व कागद उघडत होते, फक्त आजचे पाच नाहीत.

मी वडिलांच्या शेजारी बसून ते नेमके काय करतात हे पाहिले. स्कॅनरचा प्रोग्रॅम फाइली 'घर'मध्ये ठेवतच नाही. तो त्या डी ड्राइव्हवरच, पण 'घर'च्या बाहेर असलेल्या 'स्कॅन' नावाच्या जुन्या फोल्डरमध्ये ठेवतो. वडील तेथून त्या 'कट' करून 'दस्तऐवज'मध्ये 'पेस्ट' करतात. 'स्कॅन' फोल्डरवरही मी पूर्वी वारसा बंद केलेला होता आणि काल तो माझ्या ध्यानात आला नाही.

फाइल कॉपी केली, तर नवी फाइल जन्माला येते आणि ती ज्या फोल्डरात आली त्याच्या परवानग्या घेते. एकाच ड्राइव्हवर ती कट करून हलवली, तर डिस्कवरची फाइल हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो, आणि जुन्या घरच्या परवानग्या ती बरोबर घेऊन येते. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली, तर मात्र ती मुळात कॉपीच असल्याने हा प्रश्न येत नाही. एकाच फोल्डरातल्या शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन फाइलींपैकी एक उघडावी आणि दुसरी उघडू नये, हे म्हणूनच घडते. खात्री करण्यासाठी त्या पाचांपैकी एका फाइलीच्या प्रगत पानावरील 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' मध्ये पत्नीचे खाते निवडून पाहिले. खालपर्यंत सगळ्या ओळींना लाल फुल्या होत्या.

वडिलांना 'कट'ऐवजी 'कॉपी' करा असे सांगता आले असते, पण ही सवय पंधरा दिवसांत मोडेल आणि मग पुन्हा शोधाशोध होईल. त्याऐवजी स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये साठवण्याची जागाच 'दस्तऐवज'मधील 'आवक' या नव्या फोल्डरची दिली. तेथे निर्माण होणारी फाइल जन्मतःच 'कुटुंब'च्या परवानगीची असते, आणि पुढे 'दस्तऐवज'च्या आत ती कोठेही हलवली तरी बिघडत नाही. त्या पाच फाइलींना 'रीसेट' केले, 'स्कॅन' रिकामा करून काढून टाकला. 'आवक' हे नाव वडिलांना फार आवडले. 'जावक'ही हवे का, असे त्यांनी विचारले.

२१ जानेवारी, रविवार

मुलीचा लॅपटॉप. तिच्या फाइल मॅनेजरमधून 'घर' लगेच उघडला आणि लिहिताही आले. मात्र तिला तो फोल्डर टर्मिनलमधून आणि तिच्या प्रोग्रॅममधूनही हवा होता, म्हणून तिने तो 'माउंट' केला, म्हणजे आपल्याच फोल्डरांपैकी एक असल्यासारखा जोडून घेतला, आणि तेथे वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी स्थिती झाली. खाते तेच आणि पासवर्डही तोच होता.

तोच माणूस एका वाटेने लिहू शकतो आणि दुसऱ्या वाटेने नाही, याचा अर्थ हॉलमधील संगणकाची यात काही चूक नाही, हे आता पहिल्यांदाच पाच मिनिटांत कळले. उबुंटूने माउंट करताना सर्व फाइलींचा मालक 'रूट', म्हणजे उबुंटूचे मुख्य खाते, धरला होता, आणि आपल्याच नियमाप्रमाणे इतरांना लिहिण्यास मनाई केली होती. विनंती विंडोजपर्यंत पोहोचतच नव्हती. माउंटच्या ओळीत मालक आणि गट म्हणून तिच्या खात्याचा १००० हा क्रमांक दिला आणि प्रश्न सुटला. पासवर्ड 'एफएसटॅब' या माउंटच्या यादीच्या फाइलीत उघडा न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवून ती फाइल ६०० अशी, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, बंद केली. लॅपटॉप घराबाहेर असताना सुरू होण्यास अडू नये म्हणून 'नोफेल'ही जोडले.

तिलाही तिचा एक फोल्डर आम्हाला द्यायचा होता, तो सांबाने, म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फोल्डर देणाऱ्या प्रोग्रॅमने, दिला. येथे दोन ठिकाणी अडलो. सांबाची पासवर्डची वही उबुंटूच्या वहीपेक्षा वेगळी असते आणि त्यात नाव 'एसएमबीपासवर्ड' या आज्ञेने स्वतंत्रपणे घालावे लागते, हे एक. दुसरे असे की तिने फोल्डर आपल्या होम डिरेक्टरीत, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात, ठेवला होता, त्या फोल्डरवर ७७७ अशी पूर्ण मोकळीक दिली होती, तरी पत्नीला तो उघडेना. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याची होम डिरेक्टरी ७५० अशी येते, म्हणजे त्या उंबरठ्यातूनच परक्याला आत पाऊल टाकता येत नाही. मग आतली खोली कितीही उघडी असून उपयोग नाही. फोल्डर होमबाहेरच्या 'एसआरव्ही'खाली हलवून गटाच्या नावे २७७० केला, म्हणजे मालकाला आणि गटाला पूर्ण मोकळीक, इतरांना काही नाही. त्यातील सुरुवातीच्या २ या आकड्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची होते.

२६ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी वीज गेली आणि परत आल्यावर राउटरने हॉलमधील संगणकाला वेगळा पत्ता दिला, त्यामुळे मुलीचे माउंट तुटले. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला.

'हिशेब' फोल्डर इतरांनी वाचावा पण त्यात लिहू नये, अशी वडिलांची इच्छा आहे. 'कुटुंब'ला लिहिण्यास 'डिनाय' करणे सोपे वाटते, परंतु वडील स्वतःही त्या गटात आहेत आणि मनाई ही परवानगीच्या आधी पाहिली जाते, त्यामुळे पहिले तेच बाहेर राहिले असते. म्हणून 'हिशेब'वर वारसा तोडला, आलेल्या नोंदी तेथेच कायम केल्या आणि 'कुटुंब'ला 'रीड'वर आणले. वडिलांच्या खात्याला वेगळे 'मॉडिफाय' दिले. त्यानंतर उबुंटूवरून आणि विंडोजवरून केलेल्या फाइली दुसऱ्यांनाही बदलता येतात का, हे तपासण्यासाठी सर्व फोल्डर पुन्हा एकदा फिरून पाहिले. या वेळी वारसा मीच तोडला असल्याची नोंद, तारखेसह, 'हिशेब'च्या आत एका मजकूर फाइलीत ठेवली आहे.

शेवटची तपासणी पत्नीने तिच्या लॅपटॉपवरून आणि मुलीने तिच्या लॅपटॉपवरून केली. प्रत्येक फोल्डरमध्ये एक फाइल करणे, नाव बदलणे, पुसणे. 'दस्तऐवज', 'आवक' आणि 'फोटो' येथे दोघींना सर्व जमले. 'हिशेब'मध्ये दोघींनाही नकार मिळाला, आणि तो तसाच मिळायला हवा होता. बाहेरच्या डिस्कवरील प्रत अजून १४ जानेवारीचीच आहे. ती रविवारी नवी करायची आहे.